सामना दोन तासांचा, ताटही दोनच तासांचे

१४ जुलै २०२४ रोजी बर्लिनमध्ये स्पेन आणि इंग्लंड यांच्यात युरो चषकाची अंतिम लढत सुरू झाली, तेव्हा माद्रिदमध्ये रात्रीचे नऊ वाजले होते. भारतात साडेबारा वाजून तारीखही बदलली होती. स्पेनमध्ये नऊ-दहा ही रात्रीच्या जेवणाचीच वेळ. त्यामुळे तिथे सामना पाहणे आणि जेवणे ही दोन वेगळी कामे राहत नाहीत. बारमध्ये किंवा घरी टीव्हीसमोर मंडळी जमतात, मध्ये छोट्या छोट्या बशा येत राहतात आणि खेळ संपेपर्यंत जेवणही आटोपलेले असते.

हीच मेजवानी मुंबई, पुणे किंवा कोल्हापुरातल्या घरी मांडली, की तिचे गणित बदलते. आठ-नऊला घरचे जेवण झालेले असते आणि मध्यरात्री स्पॅनिश पदार्थांची दुसरी पंगत बसते. पदार्थ सामन्याच्या अर्ध्या तास आधी मांडले जातात आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत तसेच उघडे राहतात. बाहेर पावसाळी दमट हवा असते. सोफ्यावर विशीतली मुले असतात, तसे बायपास झालेले काका आणि इन्सुलिन घेणारी आजीही असते.

स्पॅनिश आहार हृदयाला चांगला, अशी त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण सामन्याच्या रात्री ताटात काय आहे एवढेच पाहून भागत नाही. ते ताट किती वेळ बाहेर राहिले, रात्री कितव्या तासाला आणि कोणापुढे आले, हेही तितकेच पाहावे लागते.

ख्यातीमागचे संशोधन

या ख्यातीला मोठा आधार मिळाला तो स्पेनमध्येच झालेल्या ‘प्रेडिमेड’ या संशोधनाने. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या, पण तोवर हृदयविकार न झालेल्या ७,४४७ प्रौढांना त्यात तीन गटांत विभागले होते. एका गटाला भूमध्यसागरी आहारासोबत एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला त्याच आहारासोबत रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट, तर तिसऱ्याला स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा सल्ला दिला गेला. सुमारे पाच वर्षांनंतर पहिल्या दोन गटांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू या एकत्रित घटना साधारण ३० टक्क्यांनी कमी दिसल्या. सर्वांत स्पष्ट फायदा पक्षाघाताच्या बाबतीत होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधात काही केंद्रांवर गट पाडण्याच्या पद्धतीत त्रुटी आढळल्या. तो मागे घेऊन नव्याने विश्लेषण करून २०१८ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करण्यात आला. निष्कर्षाची दिशा तीच राहिली.

मात्र या अभ्यासातला आहार म्हणजे भाज्या, फळे, कडधान्ये, मासे आणि सुकामेवा. प्रक्रिया केलेले मांस आणि केक-पेस्ट्री कमी खाण्याचा सल्ला त्यातच होता. बारमधल्या बशांत येणारे तळलेले बटाटे आणि खारवलेले मांस हा त्या संशोधनातला आहार नव्हे. ‘स्पॅनिश’ हे नाव दोन्हींना लागते, एवढाच त्यांचा संबंध.

ओळखीचे पदार्थ, अनोळखी नावे

स्पेनमध्ये पेयासोबत दिल्या जाणाऱ्या छोट्या बशांना ‘तापास’ म्हणतात. उत्तरेकडच्या बास्क प्रांतात पावाच्या तुकड्यावर पदार्थ रचून त्याला काडी टोचतात, ते ‘पिंचोस’. नावे अनोळखी असली तरी पदार्थ मराठी स्वयंपाकघराला फार परके नाहीत. बटाटा, टोमॅटो आणि मिरची या तिन्ही गोष्टी अमेरिका खंडातून आधी स्पेन-पोर्तुगालला आणि मग भारताच्या किनाऱ्याला आल्या. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच मराठीत आला.

‘तोर्तिया’ म्हणजे बटाटा आणि बहुधा कांदा घातलेले जाडजूड ऑम्लेट. मेक्सिकोत याच नावाची मक्याची पोळी असते, तिचा याच्याशी संबंध नाही. ‘पातातास ब्रावास’ म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडींवर तिखट, लालसर सॉस. ‘पान कोन तोमाते’ म्हणजे भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. सेवियाकडे पालक आणि काबुली चणे एकत्र शिजवतात. ‘गास्पाचो’ हे टोमॅटो, काकडी आणि ढोबळी मिरचीचे न शिजवलेले थंड सूप. आणि ‘पाएया’ हा वालेन्सियाचा रुंद, उथळ कढईतला भात. तिथल्या मूळ पाएयात कोंबडी, ससा आणि शेंगा असतात आणि तो प्रामुख्याने दुपारी खातात. मध्यरात्रीचे जेवण म्हणून तो स्पेनमध्येही जन्माला आला नाही.

अंडे आणि दोन तास

शिजवलेले नाशवंत अन्न सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ते ६० अंश सेल्सियस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे शंभर जिवाणूंचे दोन तासांत ६,४०० आणि तीन तासांत ५१,२०० होऊ शकतात. हवा ३२ अंशांच्या वर असेल, तर दोन तासांची ही मुदत एकाच तासावर येते.

आता फुटबॉलचे घड्याळ पाहा. ४५ मिनिटांचे दोन डाव, मध्ये पंधरा मिनिटे आणि वाया गेलेल्या वेळेची भरपाई मिळून सामना जवळजवळ दोन तास चालतो. ताटे अर्धा तास आधी मांडली, तर अडीच तास झाले. बरोबरी सुटली नाही, तर आणखी तीस मिनिटांचा खेळ आणि मग पेनल्टी. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या इनिएस्ताने नेदरलँड्सविरुद्ध एकमेव गोल केला तो ११६व्या मिनिटाला. भारतात मध्यरात्री बाराला सुरू झालेला तो सामना अडीचच्या सुमारास संपला. अशा रात्री साडेअकराला मांडलेले अंड्याचे ताट तीन तास बाहेर राहते.

तोर्तियाची गंमत तिच्या मऊ, किंचित ओल्या गाभ्यात आहे, असे स्पेनमधले अनेक खवय्ये मानतात. जोखीमही त्याच गाभ्यात असते. अंड्यातून साल्मोनेला जिवाणू येऊ शकतो आणि अर्धवट शिजलेल्या भागात तो जिवंत राहतो. स्पेनने हा धडा अनुभवातून घेतला. १९९१ साली तिथल्या सरकारने उपाहारगृहांसाठी नियम केला, की मेयोनेझसारख्या अंड्याच्या पदार्थांना ७५ अंशांची उष्णता मिळत नसेल, तर साध्या अंड्यांऐवजी पाश्चरीकरण केलेली अंडी वापरावीत, पदार्थ ८ अंशांच्या आत ठेवावेत आणि चोवीस तासांनी टाकून द्यावेत. घरच्या स्वयंपाकाला सरकारी नियम लागू नसतो, पण जिवाणू तेच असतात. म्हणून तोर्तिया मंद आचेवर दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजवावी. मध्यभागी सुरी खुपसली तर ती ओली निघू नये. तडकलेली अंडी वापरू नयेत आणि कच्चे अंडे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

ब्रावाससोबत येणारी ‘आल्योली’ ही लसणाची पांढरी चटणी हल्ली बहुतेक ठिकाणी कच्चे अंडे घालून करतात. मूळ कातालान शब्दाचा अर्थ मात्र ‘लसूण आणि तेल’ एवढाच आहे. जुन्या पद्धतीत खलबत्त्यात लसूण आणि मीठ वाटून त्यात थेंब थेंब तेल घालत घोटतात. अंडे नसतेच. घरी हीच पद्धत बरी. घोटण्याचा कंटाळा असेल, तर घट्ट चक्क्यात लसूण आणि थोडे ऑलिव्ह तेल फेटावे. तेलात बुडवलेला कच्चा लसूण मात्र दिवसेंदिवस ओट्यावर ठेवू नये. हवा न लागणाऱ्या तेलात बॉट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात. लागेल तेवढेच त्या दिवशी करावे आणि फ्रीजमध्ये ठेवावे.

भात गरम केला, तरी?

पाएया सकाळी करून ठेवावा आणि रात्री गरम करावा, हा मोह अनेकांना होतो. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला, की बीजाणूंतून जिवाणू वाढतात आणि उलटी आणणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून तो भात पुन्हा कितीही गरम केला, तरी तो सुरक्षित होत नाही. असा भात खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. त्यामुळे ‘आता तर खाल्ले, इतक्या लवकर कसे बाधेल?’ या शंकेला इथे अर्थ नाही.

यावरचा मार्ग सोपा आहे. पाएयाची भाजी, मसाला आणि रस्सा आधी करून फ्रीजमध्ये ठेवावा. पूर्वार्धातल्या पंचविसाव्या मिनिटाला रस्सा उकळून त्यात तांदूळ सोडले, तर मध्यंतराला गरम भात तयार असतो. कोणाला तरी वीस मिनिटांचा खेळ स्वयंपाकघरातून ऐकावा लागेल, एवढीच त्याची किंमत.

युरो आणि विश्वचषक बहुधा जून-जुलैत येतात. नेमक्या याच दोन महिन्यांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्यामुळे बाजारातली कोळंबी बरेचदा गोठवलेली असते. ती ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सैल करावी आणि एकदा सैल झालेली पुन्हा गोठवू नये. तिसऱ्या किंवा शिणाणे शिजवताना ज्यांचे शिंपले उघडत नाहीत, ते टाकून द्यावेत. गास्पाचोसाठीच्या कच्च्या भाज्या पावसाळ्यात पिण्याच्या पाण्याने नीट धुवाव्यात आणि सूप वाढेपर्यंत फ्रीजमध्येच असावे.

मीठ, मद्य आणि मध्यरात्र

खारवून वाळवलेले ‘हामोन’ हे स्पेनचे अभिमानाचे मांस. त्यात मिठामुळे जिवाणू सहज वाढत नाहीत, पण तेच मीठ रक्तदाबाच्या रुग्णाला नको असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका चमच्याच्या आत मीठ खावे. खाऱ्या पाण्यातले दहा-बारा हिरवे ऑलिव्ह खाल्ले, तरी सव्वा ते दीड ग्रॅम मीठ पोटात जाते. त्यावर हामोन, चीज आणि खारे शेंगदाणे आले, की दिवसभराचा वाटा एका डावात संपतो. ज्यांचे हृदय कमजोर आहे आणि ज्यांना पायावर सूज येते, त्यांना अशी एक रात्रही दम लागण्यास पुरेशी ठरू शकते. ऑलिव्ह तासभर साध्या पाण्यात ठेवून निथळले, तर बरेचसे मीठ उतरते.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक घटकांत केला. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेली दिसते. हा धोका रोजच्या सवयीचा आहे. एका रात्रीच्या दोन चकत्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. गर्भवतींनी मात्र न शिजवलेले खारवलेले मांस आणि कच्च्या दुधाचे चीज टाळावे.

फळे घातलेली गोड ‘सांग्रिया’ सरबतासारखी लागते आणि म्हणूनच ती किती प्यायली, याचा हिशेब राहत नाही. एका बैठकीत भरपूर मद्य घेतल्यावर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा प्रकार डॉक्टरांना परिचित आहे. १९७८ पासून त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असे नावही आहे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांत मद्यामुळे पहाटे साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते आणि ‘चढली आहे, झोपू द्या’ म्हणून ते दुर्लक्षित राहते. संत्री, लिंबू आणि कोकमाचे बिनसाखरेचे थंड पेय मोठ्या भांड्यात ठेवले, तर कोणी काय प्यायले याची चौकशी होत नाही आणि रंगतही कमी होत नाही.

मध्यरात्री शरीर साखर हाताळण्यात दिवसाइतके तत्पर नसते. तेच बटाटे दुपारी खाल्ले, तर साखर जेवढी वाढते, त्याहून ती रात्री अधिक वाढते. त्यामुळे मधुमेहींनी रात्रीचे जेवण आणि औषधे नेहमीच्या वेळीच घ्यावीत. सामन्याच्या वेळी चणे-पालक, भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या, मूठभर बदाम आणि तोर्तियाची एखादी फोड एवढ्यावर थांबावे. जास्त खाणार म्हणून मनाने इन्सुलिन किंवा गोळी वाढवू नये.

आणखी एक बारीक गोष्ट. पिंचोसच्या लाकडी काड्या गोल झाल्याच्या जल्लोषात गिळल्या जाऊ शकतात. काडी आतड्याला भोक पाडू शकते आणि लाकूड असल्याने साध्या क्ष-किरण चित्रात ती सहसा दिसत नाही. लहान मुलांच्या बशीत काड्या, बिया असलेले ऑलिव्ह आणि अख्खे बदाम नसावेत.

मध्यंतराला ताटे बदला

या सगळ्या सूचना लक्षात ठेवणे अवघड वाटले, तर एकच नियम पुरे: मध्यंतराला ताटे बदलावीत. प्रत्येक पदार्थाचे दोन भाग करावेत. पहिला भाग सामना सुरू होताना मांडावा, दुसरा फ्रीजमध्ये ठेवावा. पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात पहिल्या बशा उचलाव्यात, त्यातले उरलेले अंडे, मासे आणि भात नव्या बशीत मिसळू नये आणि दुसरा भाग बाहेर काढावा. सामना संपल्यावर ओट्यावर राहिलेले पदार्थ सकाळच्या न्याहारीसाठी जपू नयेत. पाव, बदाम आणि ऑलिव्ह यांना हा नियम तितका कडक नाही.

एवढे करूनही कोणाला उलट्या-जुलाब झाले, तर पहिले औषध म्हणजे जलसंजीवनी. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे. स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत. शौचात रक्त, जोराचा ताप, न थांबणाऱ्या उलट्या, लघवी कमी होणे किंवा गुंगी दिसली, तर रुग्णालय गाठावे. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्या बाबतीत वाट पाहू नये.

‘ॲसिडिटी’ की हृदय?

२००६ चा विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक परिसरातील हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद संशोधकांनी ठेवली. जर्मनीचे सामने असलेल्या दिवशी अशा घटनांचे प्रमाण इतर दिवसांच्या २.६६ पट होते. पुरुषांत ते ३.२६ पट, तर स्त्रियांत १.८२ पट होते. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांच्यात वाढ सर्वाधिक दिसली आणि सामना सुरू झाल्यानंतरचे पहिले दोन तास सर्वांत जोखमीचे ठरले. इटलीत झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र अशी वाढ आढळली नाही. म्हणजे सामना पाहिल्याने निरोगी माणसाला झटका येतो, असे कोणी म्हणू नये. पण आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या, उत्तेजना, जागरण, सिगारेट, मद्य, भरपूर मीठ आणि विसरलेली रात्रीची गोळी हे सगळे एकत्र आले, तर भार वाढतो, यात शंका नाही.

खरी फसगत होते ती लक्षणे ओळखण्यात. तळलेले, लसणाचे, तिखट खाऊन पहाटे दोनला छातीत जळजळ झाली, तर घरातले सगळे एकमुखाने ‘ॲसिडिटी’ म्हणतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. खाल्ल्यावर लगेच आडवे झाले, की आम्ल घशाशी येते, म्हणून शेवटचा घास आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे. पण छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, थंड घाम, धाप आणि मळमळ यांपैकी काही असेल, तर अँटासिडची बाटली शोधण्यात वेळ घालवू नये. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये कळ न येता फक्त धाप, घाम किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते.

अशा वेळी रुग्णाला चालवू नये, जिना उतरवू नये, गाडी तर मुळीच चालवू देऊ नये. १०८ ला फोन करावा आणि ज्या रुग्णालयात ईसीजी व हृदयविकाराचे उपचार चोवीस तास मिळतात, तिथे न्यावे. रक्तवाहिनीतली गुठळी जितक्या लवकर मोकळी होईल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. पाहुणे येण्याआधी दोन कामे करून ठेवावीत: घरातल्या हृदयरुग्णाची रात्रीची गोळी त्याने घेतली का ते विचारावे आणि जवळचे असे रुग्णालय कोणते, हे कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर लावावे. सामना अतिरिक्त वेळेत गेला, तरी फोन करणाऱ्याने पेनल्टी संपण्याची वाट पाहू नये.